दीड मीटर

परवाच्या शनिवारी आम्ही चौघं वाईहून निघालो ते कृष्णेच्या काठाकाठाने लिंबपर्यंत चालत जायचं ठरवून. पोचलो भुईंजला. तेही संध्याकाळी साडेपाचला, पँटला कुसळं, हाताला उसाच्या पात्यांचे ओरखडे आणि डोक्यात राग घेऊन. आठवडा झाला तरी राग उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय. 'निसर्गाच्या कुशीत एक रम्य दिवस' छापाचं काही वाचायला आला असाल तर इथेच थांबलेलं बरं.

आधी थोडी पार्श्वभूमी. मंद्या, अव्या, शिऱ्या आणि मी एकाच कंपनीत एकाच दिवशी फ्रेशर म्हणून लागलो. आता चौघं चार कंपन्यांत आहोत, पण दर जानेवारीत एक लांबची चाल एकत्र करायची हा नियम अजून पाळतो. इतकी वर्षं किल्ले केले. पण आता शनिवारी रात्री हरिश्चंद्रगडावर लक्ष्मी रोडइतकी गर्दी असते, आणि शिऱ्याचे गुडघेही बोलायला लागलेत. तोच म्हणाला, "या वेळी नदी करू. नदीकाठ म्हणजे सपाट. नदी कधी चढ चढते का?"

लॉजिक बिनतोड होतं. उपग्रहाच्या नकाशावर नदीच्या कडेने रेघ मारली तर वाई ते लिंब तीस-पस्तीस किलोमीटर भरलं. ताशी पाच किलोमीटर धरले तर सात तास, जेवणाचा आणि टंगळमंगळीचा एक-दीड तास. साडेसहाला निघालं की चारपर्यंत लिंब. मग बारा मोटांची विहीर बघायची आणि रात्री जेवायला घरी. आमच्या धंद्यात एस्टिमेटचं जे होतं तेच याचंही झालं. :)

पहाटे ढोल्या गणपतीपाशी गाडी लावली. सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं देऊळ, समोर घाट, घाटाच्या पायऱ्यांवर धुकं. एक आजी तांब्यात पाणी घेऊन पायऱ्या चढत होत्या. मंद्याने विचारलं, "आजी, काठाकाठाने भुईंजला जाता येतं ना?" आजींनी आमच्या बुटांकडे बघितलं. "पूर्वी जायचे की! आता कोण जातंय? यष्टी हाय ना."

पहिले दोन किलोमीटर झकास गेले. मळलेली पायवाट, कपडे धुणाऱ्या बायका, तारेवर खंड्या, पाण्यात एका पायावर उभा बगळा. अव्या तर म्हणाला, "अरे, हे एवढं सोपं असताना आपण इतकी वर्षं गडांवर का तडफडत होतो?"

तिसऱ्या किलोमीटरला उत्तर मिळालं. काटेरी तारेचं कुंपण, आणि कुंपण काठावर थांबलेलं नाही, थेट खाली पात्रात उतरलेलं. शेवटचा खांब पाण्यात! वळसा घालून डांबरी रस्त्याला लागलो, दीड किलोमीटर गेलो, पुन्हा नदीकडे उतरलो. तिथे ऊस. ऊस म्हणजे अगदी दरडीच्या टोकापर्यंत, शेवटच्या सरीतलं बेणं पुढच्या पुरात वाहून जाणार हे दिसत असूनही लावलेला. त्यातून पन्नास पावलं गेलो आणि माघारी फिरलो. पुढे एक ओढा नदीला मिळत होता. त्याचं पाणी काळं, वर फेस, आणि वास असा की चौघांनी न बोलता रुमाल काढले. तो ओढा ओलांडायला पुन्हा रस्त्यापर्यंत माघार.

आणि मग दिवसाचा कळस. मोठी कमान, दगडी भिंत, भिंतीवर फलक: 'रिव्हर टच प्लॉट. नदीपर्यंत खाजगी प्रवेश.' कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असे फलक आता कुठल्याही नदीवर दिसतात आणि नावं बदलली तरी भिंत तीच असते. गेटवर वॉचमन होता. बिचारा सज्जन माणूस, आम्हाला पाणीही दिलं. पण आत सोडायला तयार नाही. मी म्हटलं, "काका, आम्हाला प्लॉट नकोय. फक्त पलीकडे जायचंय, नदीच्या कडेकडेने." तो म्हणाला,

"साहेब, नदी बघायची तर वाईला घाटावर जावा. हितली नदी प्लॉटवाल्यांची हाय."

हितली नदी प्लॉटवाल्यांची हाय! हे वाक्य त्याने उर्मटपणे म्हटलं असतं तर मी विसरलो असतो. तो माहिती देत होता. 'दवाखाना डावीकडे आहे' इतक्या सहजपणे.

संध्याकाळी भुईंजच्या पुलावर अव्याने घड्याळातला जीपीएसचा लॉग बघितला. एकूण चाल एकोणीस किलोमीटर. त्यातली नदी दिसेल इतक्या जवळून झालेली चाल सहा. बाकीचे तेरा किलोमीटर आम्ही कृष्णेकाठच्या सहलीत डंपरांचा धुरळा आणि उसाच्या ट्रॉल्यांची शेपटं बघत चाललो. लिंब राहिलंच. वडापमध्ये कोंबून घेऊन वाईला गाडीपाशी परत.

आता मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं एवढंच आहे: नदीला काठाने चालायची वाट असली पाहिजे, ती प्रत्येकाच्या हक्काची असली पाहिजे, आणि ही हौशी लोकांची चैन नाही. वाट गेली की नदी जाते. ज्या नदीच्या कडेने कुणी चालत नाही, तिच्यात काय सोडलं जातंय ते कुणी बघत नाही. तो काळा ओढा आम्हाला दिसला कारण आम्ही चालत होतो. रस्त्यावरून तो दिसत नाही, पुलावरूनही दिसत नाही. रोज शंभर माणसं तिथून गेली असती तर तो ओढा इतका निवांत वाहिला असता का? सॉफ्टवेअरमध्ये ज्या कोडकडे कुणी फिरकत नाही त्यातच किडे वाढतात. नद्यांचं वेगळं काही नाही. शुद्धीकरणाच्या मोठमोठ्या योजना आखणाऱ्यांना माझी नम्र सूचना आहे की आधी वाट मोकळी करा. ज्यांची नदी आहे त्यांना तिच्यापर्यंत पोचू तर द्या.

"झालं! आला फॉरेन रिटर्न!" असं म्हणाल याची खात्री आहे, म्हणून ते आधीच कबूल करून टाकतो. होय, मी ऑनसाईटला इंग्लंडात रेडिंगला होतो आणि एका रविवारी ऑफिसातल्या दोस्तांबरोबर थेम्सच्या काठाने मार्लोपर्यंत चालत गेलोय. सतराएक मैल. सॉनिंग, हेन्ली, हर्ली करत. तिथे १९९६ पासून थेम्स पाथ आहे, उगमापासून लंडनच्या पूर बंधाऱ्यापर्यंत सुमारे १८४ मैल. वाट कुणाच्या कुरणातून जाते, गाई बाजूला रवंथ करत असतात, फाटक आपण उघडायचं आणि आपणच लावायचं. जमीन शेतकऱ्याचीच राहते. लोकांना मिळतो तो फक्त तिच्यावरून चालत जायचा हक्क. शेताच्या कडेने जाणाऱ्या अशा पायवाटेची किमान रुंदी त्यांच्या १९९० च्या कायद्याने ठरवलीय: दीड मीटर. फक्त दीड मीटर! आपल्याकडे बांधावरून भांडणं होतात ती यापेक्षा जास्त जागेसाठी.

पण तिथेही सगळं गोड नाही हं. शिपलेकपाशी वाट नदी सोडते आणि श्रीमंतांच्या बंगल्यांमागून जाते. बंगल्यांना काठ, आपल्याला डांबर. तेव्हा हसलो होतो, आता हसू येत नाही. आणि तिथला चालायचा हक्क राणीने वाढदिवसाला वाटलेला नव्हता. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरकडचे कामगार किंडर स्काउटच्या बंद केलेल्या माळावर मुद्दाम घुसले. आठवडाभर गिरणीत राबायचं आणि रविवारी मोकळ्या डोंगरावर जायचं तर जमीनदाराचे रखवालदार काठ्या घेऊन उभे. त्या दिवसानंतर पाच जणांना तुरुंगात टाकलं. पुढे १९४९ च्या कायद्याने पायवाटा अधिकृत नकाशावर नोंदवणं बंधनकारक झालं. एकदा नकाशावर आलेली वाट कुणाला गुपचूप गिळता येत नाही.

आता इंग्लंड राहू द्या बाजूला. आपल्याला हे बाहेरून आणायची गरजच नाही, याचा मला जास्त राग आहे. काठाकाठाने चालणं पुण्याचं मानणारे आपण लोक! नर्मदा परिक्रमा म्हणजे दुसरं काय आहे? नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, आणि चालत राहायचं. गोनीदांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' वाचून आणि जगन्नाथ कुंट्यांचं 'नर्मदे हर हर' वाचून किती मराठी माणसं नोकरी-धंदा सोडून निघाली. त्या परिक्रमेचीसुद्धा जुनी काठाची वाट सरदार सरोवराच्या पाण्याखाली ठिकठिकाणी गेली आणि परिक्रमावासी दूरच्या रस्त्यांवर आले. मैलोन् मैल चालायचं, नदी दिसत नाही, पण ती उजव्या हाताला आहे हे मानायचं. आमचंही शनिवारी तेच झालं, फक्त पुण्य नाही मिळालं.

आणि पाणी सगळ्यांचं, हा विचारही आपल्याकडे उसना नाही. किंडर स्काउटच्या पाच वर्षं आधी, २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. नीट समजून घ्या, माणूस म्हणून पाण्याला हात लावायच्या त्या लढ्याची आणि आमच्या वीकेंडच्या हौसेची बरोबरी मी करत नाही. ती करणं मूर्खपणा होईल. उलट 'पूर्वी घाट सगळ्यांना मोकळे होते' असली गोग्गोड स्मरणरंजनं करणाऱ्यांनी महाड आठवावं. घाट सगळ्यांना मोकळे नव्हते, कधीच नव्हते. पण महाडने एक गोष्ट शिकवली ती आजही लागू आहे. बोले ठराव १९२३ चा. महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केलं तेही सत्याग्रहाच्या आधी. कागदावर हक्क होता, पायाखाली नव्हता. तो पायाखाली आणायला माणसांना चालत जावं लागलं, मार खावा लागला, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल यायला १९३७ उजाडलं. इतक्या किमतीने ज्या राज्यात पाणवठे खुले झाले, तिथे आज 'खाजगी प्रवेश' असा फलक लावून नदी विकायला काढतात आणि आपण ब्रोशर चाळतो. आता जात विचारत नाहीत, बुकिंग अमाउंट विचारतात.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २०. खाजगी मालकी सिद्ध होत नसेल तर नदी-नाल्यांची पात्रं सरकारची. म्हणजे पात्रात खांब रोवणाऱ्याने निदान कागद दाखवायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बियास नदीकाठच्या एका मोटेलच्या खटल्यात सांगून ठेवलंय की नद्या, किनारे असल्या गोष्टींचं सरकार मालक नाही, लोकांच्या वतीने विश्वस्त आहे. पूररेषा आहेत: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, एवढं प्रत्येक बिल्डरला पाठ असतं. समुद्राला १९९१ पासून सीआरझेडचं कवच आहे. नदीपासून कारखाने किती लांब असावेत हे सांगणारं आपल्या राज्याचं नदी नियमन क्षेत्र धोरण होतं, ते २०१५ साली रद्दच करून टाकलं. आणि चालणाऱ्याचं काय? काही नाही. पात्र सरकारचं, काठ सातबाऱ्यावर कुणाच्या तरी नावाचा, आणि मधे चालणारा माणूस कुठल्याच रकान्यात नाही.

खरी गंमत पुढेच आहे. वाट देणं आपल्या महसूल खात्याला नवीन नाही. शेतात जायला रस्ता नसेल तर त्याच संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतो. अडवलेली वहिवाट मोकळी करायला १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. गावनकाशावर पायवाटा तुटक रेषेने दाखवलेल्या असतात. म्हणजे कायदा आहे, नकाशा आहे, अधिकारी आहे. फक्त नदीकाठाने जाणारी वाट ही 'वाट' आहे असं कुणाला वाटत नाही.

आता दुसरी बाजू. ती मला एका शेतकऱ्याने ऐकवली आणि ती खोडून काढणं सोपं नाही. दुपारी एकाच्या सुमाराला त्याच्या मोटारीच्या खोलीपाशी डबे उघडले. त्याने बांधावरून जायला दिलं, वर उसाची दोन कांडकी दिली. मी माझं दीड मीटरचं प्रवचन सुरू केल्यावर तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही चौघं आला, चांगलं वाटलं. पण वाट झाली म्हंजी उद्या मोटरसायकली येणार. परवा बाटल्या घेऊन येणार. काचा माझ्या बैलाच्या पायात. त्याच्या पुढच्या दिवशी वाळूवाले. मग मी कुणाला अडवू?"

शिऱ्या माझ्याकडे बघत होता. मीही गप्प बसलो, कारण तो जे सांगत होता ते शंभर टक्के खरं होतं. बाटल्या फोडणारे आपणच, शहरातून येणारे. हरिश्चंद्रगडाचं काय झालंय ते आम्ही बघितलंय. पण नंतर त्यालाच विचारलं, "वाळूवाले आता येत नाहीत का?" तो हसला. "येत्यात की. रात्री."

हेच माझं उत्तर आहे. वाट नसल्यामुळे चांगली माणसं थांबलीत, वाळूवाले थांबलेले नाहीत. ज्यांना अडवायला पाहिजे त्यांच्याकडे डंपर आहे, त्यांना वाट लागत नाही, ते स्वतःची करतात. म्हणून वाट कशी असावी तेही सांगायला पाहिजे. चाक जाणार नाही अशी, फक्त पाय जातील अशी. दोन दगडी खांब, मधून एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी फट. जमीन शेतकऱ्याचीच. पीक तुडवलं तर भरपाई. देखभाल आणि कचरा ग्रामपंचायतीकडे, आणि त्यासाठी पैसा सरकारने द्यायचा. २०२१ साली पाणंद रस्त्यांसाठी योजना आली, त्यात एक ओळ नदीकाठच्या पायवाटेची घालायला कितीसा खर्च आहे?

आणि कृपा करून याचं 'सुशोभीकरण' करू नका. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी ४४ किलोमीटरचा नदीकाठ सुधार प्रकल्प चाललाय. झाडं, भराव, भिंती, सगळ्यावर वाद चाललाय. माझं मत विचाराल तर नदीला शहाबादी फरशी आणि बाकडी नको असतात. पायांनी मळलेली मातीची वाट, पुरात दरवर्षी वाहून जाणारी आणि दरवर्षी पुन्हा पडणारी, एवढं पुरे. ती उद्घाटनाच्या फितीने होत नाही, लोक चालल्याने होते. हा एकच पायाभूत प्रकल्प असा असेल की जो वापरल्याने झिजत नाही, तयार होतो.

भुईंजच्या अलीकडे एक म्हातारा मेंढपाळ भेटला. रस्त्याच्या कडेने मेंढरं चाललेली, मागून ट्रक भोंगे वाजवतायत, तो हातवारे करून कळप कडेला दाबतोय. मंद्याने विचारलं, "बाबा, नदीनं का नाही जात?" म्हातारा थांबला नाही, चालता चालताच बोलला. "नदीनंच जायचो की. बापासंगं जायचो. आता तार हाय." मेंढरांना सपाट, हिरवा, पाण्याशेजारचा रस्ता होता तो गेला आणि त्या बदल्यात मिळाली डांबरी सडक. त्याच्यासाठी हा वीकेंडचा प्रश्न नाही. आमचा राग गरम पाण्याच्या आंघोळीने निम्मा उतरला असेल. त्याला दुसऱ्या दिवशीही तिथूनच जायचं होतं.

असो. बरंच लांबलं. पुढच्या जानेवारीत भुईंज ते लिंब करायचं ठरलंय. या वेळी उपग्रहाच्या नकाशाबरोबर वाटेतल्या प्रत्येक गावाचा गावनकाशा घेऊन जाणार आहोत, आणि तुटक रेघ नदीला जिथे जिथे लागते तिथे तिथे ती वाट प्रत्यक्षात आहे की कुणी गिळलीय ते लिहून काढणार आहोत. गिळली असेल तर तहसीलदारांकडे अर्ज. अव्याने एक्सेल शीट आत्ताच बनवलीय. येणार असाल तर या, बूट चांगले घाला, बाटल्या पाण्याच्याच आणा.

जाता जाता त्या वॉचमनकाकांकडे चहाला थांबणार आहोत. त्यांना सांगायचंय, काका, तुमची माहिती चुकीची होती. ती दुरुस्त करायला आलोय.